आपण परततो, ते राहतात : वसईचा गोन्सालो आणि जपानची मुलं

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये १७:१-१०, १ थेस्सलनीकाकरांस २:५-१२ आणि २:१७ ते ३:८



आधी वरची वाचनं शांतपणे वाचून घ्या. दहा मिनिटं पुरतात. मग पुढे या.

तीन शब्बाथ

बायबलमध्ये 'शॉर्ट-टर्म मिशन' शोधायचं असेल तर पौलाचं थेस्सलनीकातलं काम बघावं. लूक सांगतो की पौल आणि सीला तिथल्या सभास्थानात तीन शब्बाथ बोलले. काही लोकांनी विश्वास ठेवला. मग गावात दंगा उसळला. जमावाला पौल सापडला नाही, म्हणून ज्याच्या घरी तो उतरला होता त्या यासोनाला त्यांनी खेचत अधिकाऱ्यांपुढे नेलं. अधिकाऱ्यांनी जामीन घेऊन त्याला सोडलं. त्याच रात्री बांधवांनी पौलाला बिरुयाकडे रवाना केलं.

इथे जरा थांबू या. पौल गेला, यासोन राहिला. घर यासोनाचं, जामीन यासोनाचा, शेजारीही त्याचेच. पौल पुढच्या गावात नवीन माणसांना भेटणार होता. यासोनाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीतून, त्याच लोकांसमोरून जायचं होतं.

आपल्या युवक गटांमध्ये हल्ली परदेशी सेवेची चर्चा होते, आणि त्यात जपानचं नाव बऱ्याचदा येतं. तीन महिने, सहा महिने, फार तर वर्ष. तिथल्या छोट्या ख्रिस्तसभेला मदत, कॉलेजच्या मुलांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग, सोबत जेवण, सोबत प्रार्थना. कल्पना छान आहे. त्यावर जे प्रश्न येतात तेही ठरलेले : नोकरीत गॅप पडली तर? भाषेचं काय? एवढ्या थोड्या दिवसांत काय साधणार? हे सगळे प्रश्न आपल्याबद्दलचे आहेत. चौथा प्रश्न फार कमी जण विचारतात : आपण विमानात बसून परत आल्यावर तिथल्या मुलांचं काय?

आजचं चिंतन या चौथ्या प्रश्नावर आहे. त्यासाठी लांब जायची गरज नाही. विरार लोकल पकडली तरी पुरे.

बोरीवलीहून पाचवं स्टेशन

दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड. या वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. म्हणजे घरात दोन भाषा, दोन प्रकारची माणसं, आणि दोघांपैकी कुणीही पूर्णपणे 'आपला' म्हणणार नाही अशी परिस्थिती. किल्ल्यातल्या जेजुइटांच्या शाळेत तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला.

दहावी झालेला मुलगा म्हणा ना! तिथे तो जपानी शिकला, पोरांमध्ये मिसळला आणि सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. जेजुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग तो पूर्वेकडच्या बंदरांमध्ये व्यापार करू लागला. धंदा चांगला चालला.

गोष्ट इथेच संपली असती तर गोन्सालो हा एक 'माजी स्वयंसेवक' ठरला असता. तरुणपणी काही वर्षं सेवा केली, अनुभव घेतला, मग मार्गी लागला. पण तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. धर्मगुरू नव्हे, ब्रदर. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो पुन्हा जपानला पोहोचला. तेव्हाचा जपानचा सर्वसत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने त्याआधी सहा वर्षं, म्हणजे १५८७ मध्ये, मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढलेला होता. तो हुकूम रद्द झालेला नव्हता. गोन्सालो परत गेला तो हे चित्र समोर असताना.

दुभाष्या

या दुसऱ्या फेरीत त्याचं मुख्य काम काय होतं? दुभाष्याचं. हिदेयोशीपुढे फादर पेद्रो बोलायचे आणि गोन्सालो ते जपानीत सांगायचा. आपल्या मनातलं न घालता, समोरच्याचं न गाळता.

निर्गम ४ मध्ये मोशे म्हणतो की मला बोलता येत नाही, तेव्हा परमेश्वर अहरोनाला त्याचं तोंड बनवतो. अहरोनाचं नाव मोशेएवढं गाजत नाही, पण त्याच्याशिवाय फारोच्या दरबारात काही बोललंच गेलं नसतं. गोन्सालोचं तसंच आहे. जागतिक कॅलेंडरात ६ फेब्रुवारीला 'संत पॉल मिकी आणि सोबती' असा सण असतो. आपला वसईकर त्या 'सोबती' शब्दात आहे.

भाषेचं काम किती नाजूक असतं, हे त्याच्या आधीच्या पिढीने अनुभवलं होतं. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबर आंजिरो नावाचा जपानी माणूस होता. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता आणि तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला होता. 'परमेश्वर' या शब्दाला जपानीत काय म्हणायचं, तर आंजिरोच्या सांगण्यावरून 'दाइनिची' हा शब्द घेतला गेला. बौद्ध भिक्षूंनी झेवियरांचं छान स्वागत केलं. कारण दाइनिची हे त्यांच्याच पंथातल्या महान बुद्धाचं नाव! ही गोष्ट लक्षात आल्यावर झेवियरांनी तो शब्द सोडला आणि लॅटिन 'देउस' वापरायला सुरुवात केली. झेवियरही जपानमध्ये सव्वादोन वर्षंच होते. एवढ्या मोठ्या संताचा सुरुवातीचा बराच काळ एका शब्दात गेला. आपण तीन महिन्यांत जाऊन 'सगळं सांगून येऊ' म्हणतो, तेव्हा हे आठवावं.

आपल्यासाठी एक आनंदाची बातमी मात्र आहे. जपानी वाक्याची रचना मराठी माणसाला ओळखीची वाटते. 'वाताशि वा मिझु ओ नोमिमास्' म्हणजे 'मी पाणी पितो'. आधी कर्ता, मग कर्म, क्रियापद शेवटी. आपण नामाला 'ला', 'ने', 'त' लावतो तसे त्यांचेही छोटे शब्द नामाच्या मागे येतात. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यातला फरक ज्याला लहानपणापासून कळतो, त्याला जपानीतली आदराची भाषा का असते हे समजावून सांगावं लागत नाही. लिपी अवघड आहे हे खरं. हिरागाना आणि काताकाना यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, आणि रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २१३६. पण पहिल्या ९२ अक्षरांना दोन महिने पुरतात. विरार लोकलमध्ये सीट मिळत नसेल, पण हेडफोन लावून जपानी ऐकता येतं.

भाषा शिकणं हीच पहिली सेवा आहे. कारण भाषा शिकताना तुम्ही विद्यार्थी असता आणि समोरचा अठरा वर्षांचा जपानी मुलगा तुमचा शिक्षक असतो. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तिथे बदलतं.

जहाजं, तोफा आणि संशय

आता अवघड भाग. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

बोरीवलीच्या आपल्या मंडपेश्वर लेण्यांपाशी जाऊन बघा. ही मूळ शैव लेणी. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी त्यांचं चर्च केलं आणि वरच्या टेकडीवर मठ आणि कॉलेज उभारलं. त्याचे अवशेष अजून उभे आहेत. खाली आज पुन्हा शिवाची पूजा होते. पोर्तुगीज सत्ता नसती तर ते चर्च त्या जागी झालं असतं का? नसतं. आपल्या भागात सुवार्ता आणि सत्ता एकाच जहाजातून उतरल्या, हे आपण ख्रिस्ती लोकांनीच मोकळेपणाने म्हणायला हवं.

हिदेयोशीची भीती हीच होती. ऑक्टोबर १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यावर अडकलं. त्यावरचा मौल्यवान माल जप्त झाला. त्या वेळी जहाजावरच्या एकाने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली आणि आधी मिशनरी येतात, मागून सैन्य येतं असं सुचवलं, असं सांगितलं जातं. नेमकं कोण काय बोललं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण संशयाला तेवढं पुरलं. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाकामध्ये अटका झाल्या.

गोन्सालोकडे जहाज नव्हतं, तोफ नव्हती. क्योतोमध्ये त्याच्या सोबत्यांनी गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं चालवली होती. तरी बोलणाऱ्याच्या बढाईची किंमत सेवा करणाऱ्यांनी मोजली.

आज आपल्याकडे तोफा नाहीत, पण छोटी छोटी सत्ता असते. आपल्याला इंग्रजी येतं, त्यांना ते हवं असतं. आता १ थेस्सलनीका २:५ पुन्हा वाचा. पौल म्हणतो की आम्ही गोड बोलून किंवा काही लपवून तुमच्याकडे आलो नाही. इंग्रजीचा वर्ग असेल तर तो चर्चतर्फे आहे हे पहिल्या दिवशी, पहिल्या पत्रकावर लिहिलेलं असावं. आणि ज्याला फक्त इंग्रजी हवं आहे त्याला तेवढ्याच प्रेमाने फक्त इंग्रजी शिकवावं. जपानच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत. त्या एक टक्क्याची आधीच्या चारशे वर्षांत मिळवलेली विश्वासार्हता तुमच्या तीन महिन्यांच्या हातात असते.

बारा, तेरा, चौदा

अटक झालेल्यांपैकी २४ जणांची क्योतोमध्ये धिंड काढली. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मग ऐन थंडीत त्यांना सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. वाटेत सोबत करणारे आणखी दोघे त्यात धरले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. त्यात २० जपानी होते. बाकीच्यांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईचा.

त्या विसात तीन मुलं होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा आणि तोमास कोझाकी चौदा-पंधराचा. ही फ्रान्सिस्कनांकडे राहणारी, मिस्सेत आणि कामात मदत करणारी मुलं. लुईसला धर्म सोडलास तर सोडून देतो असं सांगितलं होतं, त्याने नाही म्हटलं. अंतोनियोचे आईवडील नागासाकीतच राहायचे. ते क्रुसापाशी येऊन रडत होते. तोमासबरोबर त्याचे वडीलही मारले गेले. वाटेत तोमासने आईला पत्र लिहिलं होतं. माझी आणि बाबांची काळजी करू नको, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचं. ते पत्र वडिलांच्या रक्ताळलेल्या कपड्यांत सापडलं.

संतचरित्रात हे वाचताना आपण पटकन 'किती थोर!' म्हणतो आणि पान उलटतो. कृपा करून उलटू नका. बारा वर्षांचं मूल म्हणजे सातवीतला मुलगा. ज्यांनी त्याला मारलं त्यांचा तो अपराध आहे, यात शंका नाही. तरीही तरुणांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं : मी ज्या विश्वासाकडे या मुलाला बोलावतोय, त्याची किंमत त्याला मोजावी लागली तर मी कुठे असेन?

गोन्सालोचं उत्तर स्पष्ट होतं. तो त्याच रांगेत होता. चाळिशीतला, बंदरांत धंद्याची ओळख असलेला, सुखाने जगू शकला असता असा माणूस. ज्या मुलांची भाषा तो बोलत होता त्यांच्या शेजारच्या क्रुसावर तो होता. त्याच्या सगळ्या भाषांतरात मला हे सर्वांत खरं भाषांतर वाटतं.

जे मागे राहिले

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढच्या काही दशकांत धर्मगुरू संपले. मारले गेले, हद्दपार झाले, काहींनी श्रद्धा सोडली. शुसाकु एंदोंची 'सायलेन्स' कादंबरी किंवा त्यावरचा २०१६ चा मार्टिन स्कॉर्सेसींचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल तर हा काळ डोळ्यांसमोर येईल.

मग जवळपास अडीचशे वर्षं गेली. १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी या २६ जणांना संत म्हणून घोषित केलं. नागासाकीत ओउरा येथे परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधलं गेलं, तेही या २६ संतांच्या नावाने. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले. फादर पेतिजां प्रार्थना करत होते. एका बाईने त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं की आमच्या आणि तुमच्या मनात एकच गोष्ट आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं.

एकही धर्मगुरू नसताना सात-आठ पिढ्यांनी बाप्तिस्मा दिला, प्रार्थना पाठ ठेवल्या, सणांचे दिवस मोजले. शब्द बदलत गेले, लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थना त्यांच्या उच्चारात वेगळ्याच होऊन गेल्या, पण दोरा तुटला नाही. हे सगळं साध्या लोकांनी केलं. शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, आईबापांनी.

म्हणून १ करिंथ ३:६-७ इथे जोडून वाचा. एक लावतो, दुसरा पाणी घालतो, वाढवणारा परमेश्वर. आपल्याला ऑफिसमध्ये दर पंधरा दिवसांनी आकडे दाखवायची सवय असते. किती फीचर गेले, किती बग बंद झाले. ती सवय सेवेत नेली की 'किती जणांनी हात वर केले' असले आकडे सुरू होतात. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला संध्याकाळी निशिझाकाचा डॅशबोर्ड काय दाखवत असता? शून्य.

मग जायचं का?

हो, जा. पौलही तीन शब्बाथांसाठी गेलाच ना? पण तो गेल्यानंतर काय करतो ते बघा. तो विसरत नाही. पुन्हा यायचा प्रयत्न करतो, जमत नाही. शेवटी अगदी राहवत नाही तेव्हा अथेन्समध्ये एकटं राहणं पत्करून तीमथ्याला पाठवतो, मंडळी कशी आहेत ते बघून ये म्हणून. मग पत्र लिहितो. त्याचा मुक्काम संपला, नातं संपलं नाही.

यातून काही साध्या गोष्टी निघतात.

१. कायम राहणाऱ्यांचे पाहुणे म्हणून जा. तिथली ख्रिस्तसभा, तिथले फादर, सिस्टर, तिथले म्हातारे भाविक हे यजमान. कार्यक्रम त्यांचा, आपण मदतीला. ते म्हणाले हॉल झाडा, तर हॉल झाडायचा.

२. निर्णयाची घाई करू नका. एखादा विद्यार्थी म्हणाला की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, तर आनंद माना आणि त्याला तिथल्या फादरांशी जोडून द्या. घरात, वर्गात तो कदाचित एकटाच ख्रिस्ती असेल. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं चालणारी माणसं हवीत. ती तुम्ही नसणार.

३. बोलण्याआधी ऐका. जपानमध्ये 'हिकिकोमोरी' असा शब्द आहे : महिनोन्महिने घराबाहेर न पडणारी, माणसांपासून तुटलेली व्यक्ती. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार १५ ते ६४ वयोगटात अशा व्यक्तींची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार असावी. एकटेपणासाठी २०२१ मध्ये तिथे स्वतंत्र मंत्री नेमावा लागला. अशा देशात एखाद्या मुलासमोर फोन बाजूला ठेवून तासभर बसणं आणि शांतता भरून काढायची घाई न करणं, ही छोटी सेवा नाही. आपल्याला मुंबईकरांना शांतता जड जाते. तिचा सराव इथूनच करा.

४. परतल्यावर तीमथ्य व्हा. त्यांची इच्छा असेल तर पत्रं, मेसेज चालू ठेवा. नावं घेऊन रोज प्रार्थना करा. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला ती माणसं सोपवा, म्हणजे प्रत्येक नवीन स्वयंसेवकाला त्यांनी पुन्हा शून्यापासून आपली गोष्ट सांगायला नको.

आणि ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी मन लहान करू नये. आईवडिलांची जबाबदारी, कर्ज, लहान मुलं, ही कारणं खोटी नाहीत. तुमच्या इमारतीत, ऑफिसात दुसऱ्या राज्यातून आलेलं, बोलायला कुणी नसलेलं कुणीतरी असेलच. त्याच्या भाषेतली दहा वाक्यं शिका. दुभाष्याचं काम तिथूनही सुरू होतं.

चिंतनासाठी

माझ्या बोलण्याची किंमत माझ्याऐवजी दुसरं कुणी मोजतंय का?
मी मागे सोडून आलेला असा कुणी 'यासोन' आहे का, ज्याची आज विचारपूस करता येईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यात येऊन राहिलास, आमची भाषा बोललास. संत गोन्सालोला तू वसईतून बोलावलंस आणि परक्या मुलांच्या शेजारी शेवटपर्यंत उभं राहायचं बळ दिलंस. सेवेला निघालेल्या आमच्या तरुणांना ऐकणारे कान आणि नम्र जीभ दे. आम्ही परततो तेव्हा जे मागे राहतात त्यांना तू सोडत नाहीस, हा विश्वास दे, आणि आम्हालाही त्यांना सोडू देऊ नकोस. जपानमधल्या एकट्या, दार लावून बसलेल्या प्रत्येक तरुणाच्या खोलीत तुझी शांती जावो. आमेन.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.